मुडदे पळतात की चालतात

मार्च सरत आला की घरात माझं मन लागत नाही. ऊन दारापर्यंत येतं, कूलरमधल्या नव्या गवताचा ओला वास सगळ्या खोल्यांत पसरतो, आणि परीक्षेच्या दिवसांतली ती खोटी शांतता सुरू होते, जिच्यात कुणीच अभ्यास करत नसतं. यंदा नातवाची, अथर्वची बारावी. दोन पेपरांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत त्याचे मित्र अभ्यासाला म्हणून येतात, पुस्तकं उघडतात आणि भांडत बसतात. परवा भांडण होतं झॉम्बींच्या सिनेमांचं. आजवरचा सगळ्यांत भारी कोणता? एक म्हणत होता कोरियाचा, दुसरा म्हणत होता जुना अमेरिकन. पोह्यांच्या ताटल्या ठेवता ठेवता मी सहज विचारलं, "त्यातले मुडदे पळतात की चालतात?"

चौघांनी माना वर केल्या. अथर्व म्हणाला, "आजी, तुला काय करायचंय? तू एक तरी पाहिलायस का?"

मी म्हटलं, "अर्धा पाहिलाय."

पोरं खळखळून हसली. हसण्यात काही वाईट नव्हतं. पण मी स्वयंपाकघरात आले आणि गॅसवर चहा ठेवायचा सोडून नुसती उभी राहिले. हे हसू मी आधी ऐकलेलं होतं. याच दिवसांत, मंगरूळपीरला, आमच्या अंगणात.

सत्तरीच्या दशकाची अखेर होती. माझी मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती आणि निकालापर्यंतचा उन्हाळा समोर पडला होता. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, तहसील कचेरीत शिपाई होते. माझ्या जन्माआधीच त्यांनी धम्म घेतला होता आणि घरातले देव नदीला दिले होते. भिंतीवर दोनच तसबिरी, बुद्धांची आणि बाबासाहेबांची. भूत, करणी, अंगात येणं हे शब्द अण्णांसमोर काढायची सोय नव्हती. माझा थोरला भाऊ सुधाकर अकोल्याला बी. कॉम. करत होता. सुट्टीत तो घरी आला की रोज दुपार कलली की त्याचा मित्र धन्यकुमार यायचा. धन्नूच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान, घराणं जैन, चांगलं नावाजलेलं. आमच्या वस्तीत तो येतो, आमच्या माठातलं पाणी पितो, हे त्याच्या घरी ठाऊक होतं की नव्हतं, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. भाऊ आणि तो अकोल्याला एकाच कॉलेजात होते आणि तिथं त्यांनी अभ्यासापेक्षा पिक्चर जास्त केले होते.

त्या उन्हाळ्यात त्यांना एकाच विषयानं झपाटलं होतं. मेलेली माणसं उठून चालू लागतात असे पिक्चर. झॉम्बी हा शब्द आमच्याकडे पोचला नव्हता. आम्ही सरळ 'मुडद्यायचे पिक्चर' म्हणायचो. दोघांच्या मते जगात असे दोनच पिक्चर मोठे होते आणि त्यातला मोठा कोणता, यावर त्यांचं जमत नव्हतं. भाऊचा लाडका होता एक इंग्रजी, काळापांढरा. डोंगरात रेल्वेचा बोगदा खोदताना दरड कोसळते, मजूर आत गाडले जातात, आणि पुढं ते मेलेले मजूर बोगद्याबाहेर येऊन रुळांवरून चालत गावाच्या स्टेशनकडे निघतात. धन्नूचा लाडका हिंदी, रंगीत. त्यात हवेली होती, मांत्रिक होता, गाणी होती, आणि त्याचे मुडदे घोड्यागत पळायचे.

"मेलेल्या मानसाचे पाय अकडून जातात. थो पयते कसा?" भाऊ म्हणायचा.

"मेलेला मानूस उठते, हे तुले चालते. पयते म्हनलं की चालत नाही," धन्नू म्हणायचा.

मग दोघं उठून चालून दाखवायचे. भाऊ हात लोंबते ठेवून माठापासून फाटकापर्यंत पाय घासत जायचा. धन्नू त्याच वाटेनं डोळे वटारून धावायचा आणि कोंबड्या उधळायच्या. मग मुडद्यानं बोलावं की नाही, मुडद्याला कुणी उठवावं लागतं की तो आपोआप उठतो, गोळी लागल्यावर त्यानं पडावं की नाही, असे फाटे फुटायचे. दोघांचे आवाज चढायचे. आणि अगदी ऐन रंगात आलं की धन्नू पश्चिमेकडे बघायचा आणि उठायचा. त्याच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं होत. त्यामुळे तो वाद आमच्या अंगणात कधीच शेवटाला गेला नाही. रोज अर्ध्यावर तुटायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

मी ओट्यावर तांदूळ निवडत सगळं ऐकायची. ऐकून ऐकून मला ते दोन्ही पिक्चर तोंडपाठ झाले होते. मला मतं होती. मला वाटायचं, मुडद्यांना मांत्रिकानं उठवलं तर ते बिचारे त्याचे नोकरच झाले, त्यात भीती कशाची? पण तोंड उघडलं की भाऊ म्हणायचा, "सुमे, तू पाह्यला काय? मंग गप राय." आणि धन्नू हसायचा. तो वाईट मुलगा नव्हता. माझ्याशी नीट बोलायचा, माझे पेपर कसे गेले ते विचारायचा. पण या एका बाबतीत दोघं एक होते. ज्यानं पाहिलं नाही त्यानं बोलू नये.

तर पाहावं, असं मी ठरवलं.

उरूस आला. दर्ग्यापलीकडच्या मैदानात तंबू टॉकीज पडली आणि तिच्या दारावर धन्नूच्या हवेलीचं पोस्टर लागलं. हिरवा चेहरा, लाल डोळे. मी आईला विचारलं. तिला आम्ही माय म्हणायचो. माय म्हणाली, पोरीच्या जातीनं असलं पाहू नये, झपाटते. मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, भूत नसते, असल्या अंधश्रद्धेच्या पिक्चरला आपल्या घरचं माणूस जाणार नाही. म्हणजे माय म्हणे भूत लागते म्हणून जायचं नाही आणि अण्णा म्हणत भूत नाहीच म्हणून जायचं नाही. दोघांचं एकमेकांशी कशातच पटत नव्हतं. फक्त मी जायचं नाही, एवढ्यावर पटलं होतं. भाऊ मात्र दोनदा जाऊन आला. तो शिकलेला होता, म्हणून त्याला चालत होतं.

शेजारच्या कुसुमवहिनींनी वाट काढली. उरसात एक दिवस दुपारी बायांचा खेळ असतो. त्याला जायला मायची ना नव्हती. पोस्टर तेच होतं. आम्ही तंबूत जाऊन पुढं बसलो. आत ऊन कापडातून गाळून यायचं, गवताचा आणि घामाचा वास, लेकरांची रडारड. मशीन सुरू झाली आणि पडद्यावर देवाची आरती दिसू लागली. आजूबाजूच्या बायांनी चपला काढून हात जोडले. मला वाटलं, हवेलीच्या आधी पूजा दाखवत असतील. अर्धा तास झाला तरी देवच. कुसुमवहिनी बाहेर जाऊन विचारून आल्या. तंबूवाल्यानं सांगितलं, बायांच्या खेळाला आम्ही धार्मिकच लावतो, मुडदे रात्री.

मी पूर्ण पिक्चर बसून पाहिला. उठून जायची सोय नव्हती, मागे बाया दाटीनं बसल्या होत्या. घरी आल्यावर भावानं विचारलं, कसा होता? बायांना देवाचाच पिक्चर दाखवला, हे त्याला आधीच कळलेलं होतं आणि तो धन्नूला सांगून मोकळा झालेला होता.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी धन्नू गेल्यावर मी आणि भाऊ जोरात भांडलो. मुडदे लोकांना खायला येतात, असं तो म्हणत होता. भूक लागलीय त्यांना. मी म्हटलं, जेवण तर जिवंत माणसाला लागतं. चुलीजवळून माय म्हणाली, "मेल्यावरबी भूक सुटत नाही म्हना. मंग मरून उपेग काय?" ती गमतीनं म्हणाली नव्हती. तिनं भाकरी थापता थापता खरंच विचारलं होतं. भाऊ तिच्यावरही खेकसला. अण्णा दारात बसून पट्ट्याचा पितळी बिल्ला राखेनं घासत होते. त्यांनी मान वर केली. मला वाटलं, ते भावाला रागावतील. ते मला म्हणाले, सुमन, आपण पाहिल्याशिवाय काही मानत नाही, आणि पाहिल्याशिवाय बोलतही नाही, हे मी तुला शिकवलंय.

रडू येत होतं पण मी रडले नाही. मी म्हटलं, "तुमीच पाहू देत नाही, अन् तुमीच म्हनता, न पाहता बोलू नको. मंग म्या बोलावं कधी, अण्णा?"

अण्णांचा हात बिल्ल्यावर थांबला होता. मायनं तव्यावरची भाकरी उलटवायची तशीच ठेवली आणि ती करपली. भाऊ उठून बाहेर गेला. अण्णांशी असं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, मीही त्याआधी कधी बोलले नव्हते. पुढले काही दिवस अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलत. मला वाटलं, संपलं. पुढचं शिक्षणही संपलं. तेव्हा घरात माझ्या डी. एड.ची बोलणी निघत होती आणि ती त्या दिवसापासून बंद पडली होती.

मग एका सकाळी अण्णा कचेरीत निघताना भावाला म्हणाले, वाशिमच्या टॉकीजला तुझा तो बोगद्याचा पिक्चर लागलाय म्हणतात. हिला घेऊन जा. दुपारचा खेळ दाखव आणि उजेडी परत ये. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बस शेलूबाजारावरून वाशिमला गेली. खिडकीतून येणारा वारा तव्यासारखा होता, रानं उलंगून, पिकं निघून रिकामी पडली होती, पळसाची फुलं गळून वाळली होती. भाऊ रस्ताभर फुरंगटलेला. मला सांगत होता की पहिला अर्धा भाग बेकार आहे, त्यात काही होत नाही, तो आणि धन्नू तर अकोल्याला मुद्दाम उशिरा आत शिरले होते. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मी चाललेली होते.

टॉकीज पत्र्याची होती. पंखे कुरकुरत होते. पहिल्या दृश्यापासून मी डोळे हलवले नाहीत. इंग्रजी मला कळत नव्हतं, पण कळण्यासारखं बरंच होतं. बोगद्यात काम करणारे मजूर आमच्याकडच्या गिट्टी फोडणाऱ्यांसारखेच होते, धुळीनं पांढरे. त्यातल्या एकाच्या बोटांना इजा झालेली होती. सकाळी निघताना त्याची बायको उकिडवी बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायची, आणि तो भिंतीला टेकून उभा राहायचा, थोडा लाजून. कामावरून सुटले की सगळे मजूर रुळांवरून चालत यायचे, स्टेशन ओलांडायचे आणि मागच्या गल्लीत आपापल्या घरी जायचे. हे तीनचारदा दाखवलं. भावानं जांभया दिल्या. मी ती गल्ली पाठ केली. मग एके दिवशी दरड कोसळली. बायको स्टेशनावर धावत आली. बोगद्याचं तोंड दगडांनी बुजलेलं. कुणी काही बोलत नव्हतं, पडद्यावरही आणि टॉकीजमध्येही. मग एक दगड हलला.

आणि वीज गेली.

लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. पत्र्याखाली भाजायला लागलं तसे एकेक बाहेर आले. आम्ही भिंतीच्या सावलीला उभे राहिलो. वीज काही येईना. मॅनेजरनं दारात येऊन सांगितलं, आज शेवटचा दिवस आहे, रिळांची पेटी संध्याकाळच्या गाडीनं हिंगोलीला जाईल, ज्यांना पाहिजे त्यांनी पुढच्या पिक्चरचे पास घ्या. मी भावाला म्हटलं, थोडं थांबू. तो म्हणाला, बस जाईल. मी म्हटलं, पुढची धरू. तो म्हणाला, अण्णांनी उजेडी यायला सांगितलंय. खरंच सांगितलं होतं. बसमध्ये मी त्याच्याकडे पाठ करून बसले. तो दगड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. किंवा हलत होता, तेवढाच, आणि पुढं काही नाही.

दुसऱ्या दिवशी धन्नू आला तेव्हा मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि अंगणात जाऊन खाली बसले. आता मी पाहिलेलं होतं. भावानं लगेच सांगून टाकलं की हिनं मुडदे पाहिलेच नाहीत, मुडदे उठायच्या आत वीज गेली. दोघं एवढे हसले की धन्नूला ठसका लागला. "मुडदे न पाहता मुडद्याच्या पिक्चरवर बोलून राह्यली," भाऊ म्हणाला.

मी त्यांना हसू दिलं. मग विचारलं, ते मुडदे बोगद्यातून निघून कुठं जातात? भाऊ म्हणाला, स्टेशनवर, लोकांवर हल्ला करायला. मी म्हटलं, स्टेशनच्या मागं काय आहे? दोघांना माहीत नव्हतं. त्यांनी तो भाग पाहिलाच नव्हता.

"मांगच्या गल्लीत त्यायचे घरं हायेत," मी म्हटलं. "ते कोनाले खायाले नाही येऊन राह्यले. त्यायची ड्यूटी संपली. ते घरी जाऊन राह्यले."

बुटाच्या नाड्यांचं मी सांगणार होते. ती बायको उकिडवी कशी बसायची तेही दाखवणार होते. पण भाऊ मध्येच म्हणाला, हे सगळं तुझ्या डोक्यातलं, पिक्चरमध्ये असं काही नाही, त्यात ते सरळ माणसांचे लचके तोडतात. आणि मला शेवट माहीत नव्हता, म्हणून मला नाही म्हणता येईना. मी धन्नूकडे पाहिलं. तो हसायचा थांबला होता. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण त्यानं मावळतीकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर त्यांचा तो विषयच संपला. भाऊनं क्रिकेट काढलं. मला राग याचा आला की मी वादात शिरले आणि वादच उठून गेला.

निकाल लागला, मी पास झाले. अण्णांनी मला वाशिमला डी. एड.ला घातलं. राहायला मी अनसिंगला मावशीकडे होते, तिथून रोज ये-जा. भाकरी करपली त्या संध्याकाळबद्दल अण्णा मरेपर्यंत कधी बोलले नाहीत, त्यामुळे मी बोलले म्हणून त्यांनी मला शिकवलं की बोलले तरी शिकवलं, हे मला कधीच कळलं नाही. मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. वर्गात एखादी मुलगी न वाचलेल्या धड्यावर बोलू लागली की मी तिला थांबवायची नाही. दुसऱ्या शिक्षकांना ते आवडायचं नाही. पुढं अधूनमधून, भांडी घासताना, बसची वाट पाहताना, मी तो पिक्चर पुरा करत राहिले. मजूर स्टेशन ओलांडतात, गल्लीत वळतात. दारं उघडी असतात की बंद, एवढंच मला ठरवता येत नसे.

परवाच्या हसण्यानंतर मी अथर्वला तो पिक्चर शोधायला लावला. नाव मला माहीत नव्हतं, भाऊनं कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही त्याला बोगद्याचाच म्हणायचो. अथर्वनं मन लावून शोधलं, मित्रांनीही शोधलं. रेल्वे, बोगदा, मजूर, काळापांढरा. काहीतरी भलतंच निघायचं. शेवटी एक जण हळूच म्हणाला की आजी, असा पिक्चर बहुतेक नसेलच. माझं डोकं तापलं. सुधाकरभाऊला जाऊन तीन वर्षं झाली. राहिला धन्नू. तो अमरावतीला मुलाकडे असतो. भावाच्या जाण्यानंतर तो भेटायला आला होता, तेव्हाचा नंबर होता. मी लावला.

धन्नूला नाव आठवत नव्हतं. पण पिक्चर पुरा आठवतो म्हणाला, आणि सांगूच लागला. ऐकता ऐकता मी खुर्चीत बसले. बोगदा, दरड, दगड. मग म्हणाला, "बाहेर आले तं लोकायनं बंदुका काढल्या. कोनाले समजलंच नाही सुमन, का ते बिचारे घरी जाऊन राह्यले होते. ड्यूटी संपली होती न त्यायची. मांगच्या गल्लीत घरं होते. माह्या नातीले सांगतो तं ते रडते. दरसाली सांगाले लावते."

मी म्हटलं, "धन्नू, हे पिक्चरमंधी नव्हतं. हे म्या म्हनलं होतं. आमच्या आंगनात."

तो म्हणाला, छे, मी स्वतः पाहिलंय. अकोल्याला. सुधाकर सोबत होता, त्याला विचार. विचारायला भाऊ असता तर त्यानं साक्ष दिली असती. मला चिडवायला का होईना, पण सांगितलं असतं की हे सुमीच्याच डोक्यातलं खूळ आहे.

थोड्या वेळानं धन्नू पुन्हा म्हणाला की नाही, मला गल्ली दिसते आहे, दिवे लागलेले आहेत, दारं सताड उघडी आहेत. इतक्या ठामपणे म्हणाला की क्षणभर मलाच शंका आली. मग त्याची सून काहीतरी विचारायला आली आणि त्यानं फोन ठेवला.

मी तिथंच बसून राहिले. बाहेर पोरांचा वाद चालूच होता. दारं उघडी असतात, हे मला कधी सुचलं नव्हतं. ते त्याचं होतं, ते मला मान्य. पण गल्ली माझी होती. मजूर माझे होते. ज्या माणसानं पहिला अर्धा भाग पाहिला नाही, तो माझी गल्ली आपल्या नातीला दाखवत होता, आणि ती माझी आहे हे सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. राग असा आला की गॅसवर ठेवलेला चहा उतू गेला तरी मी उठले नाही.

मग मी फोन उचलला आणि पुन्हा तोच नंबर लावला. त्यानं घेतला.

"धन्नू," मी म्हटलं, "त्यातल्या एका मजुराच्या बुटायच्या नाड्या कोन बांधे, सांग."

"नाड्या? कोनत्या नाड्या?" तो म्हणाला.

"सांगता येत नाही न? मंग आता आयक."